स्वित्झर्लंडला सैन्यच नाही? खुलासा

"स्वित्झर्लंड तटस्थ आहे, म्हणून त्याला सैन्यच नाही." हा मेसेज आमच्या हर्णैच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतो. परवा बंदरावर लिलाव सुरू व्हायची वाट बघताना एका काकांनी तोच मला मोठ्याने वाचून दाखवला. काका, हे साफ चूक आहे.

१८१५ साली युरोपातल्या बड्या सत्तांनी स्वित्झर्लंडची तटस्थता मान्य केली, पण तटस्थ म्हणजे निःशस्त्र नव्हे. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ देशाने लढणाऱ्या कुठल्याच बाजूचं सैन्य आपल्या भूमीतून जाऊ द्यायचं नाही. अडवायचं तर अंगात बळ हवं. आपल्याकडे भाऊबंदांच्या भांडणात न पडणारा माणूसही आगराला गडगा घालतोच ना! १९४० मध्ये हद्दीत घुसलेली जर्मन विमानं स्विस वैमानिकांनी पाडली होती.

तिथे पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे, स्त्रियांना ऐच्छिक. आधी साधारण १८ आठवड्यांचं प्रशिक्षण, मग पुढची काही वर्षं उजळणी शिबिरं. शिबिर संपलं की अनेक जण रायफल घरी नेतात आणि नोकरीवर रुजू होतात. हत्यार धरणं मनाला पटत नसेल, त्यांना १९९६ पासून नागरी सेवेचा पर्याय आहे. ही सक्ती उठवावी का, असं २०१३ मध्ये सार्वमत घेतलं, तेव्हा सुमारे ७३ टक्के लोकांनी नकार दिला.

खरोखर सैन्य मोडीत काढलेला देश हवा असेल, तर तो कोस्टा रिका, १९४८ पासून.