स्वप्नात येणारी माणसं कोण असतात?

आमच्या समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा येणारे बरेच जण खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारतात, "स्वप्नात साप दिसला, काय होईल जी?" कुणाला दात पडलेले दिसतात, कुणाला वारलेले वडील दारात उभे दिसतात. एकदोघांनी स्वप्नावरून आकडाही विचारला आहे. म्हणून हे पत्रक काढलं. स्वप्नावरून आम्ही भविष्य सांगत नाही. साप म्हणजे अमुक आणि पाणी म्हणजे तमुक अशी यादीही आमच्याकडे नाही. पण तुमचं स्वप्न आम्ही लक्ष देऊन ऐकतो, कारण त्यातून माणसाला स्वतःबद्दल फार मोलाचं काही कळू शकतं, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मनोविश्लेषणाचा पाया घालणारे सिग्मंड फ्रॉइड यांचं मत या म्हणीच्या बरंच जवळचं होतं: दडपलेली इच्छा वेष पालटून स्वप्नात पुरी होते. त्यांच्यासोबत काही वर्षं काम केलेले स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाव युंग (१८७५–१९६१) यांना ते अपुरं वाटलं. १९१३पर्यंत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जागेपणी आपण एका अंगाला फार कललो की स्वप्न दुसऱ्या पारड्यात वजन टाकतं, असं युंग म्हणत. म्हणजे मनात वसतं तेच दिसतं हे खरं, पण ज्याला आपण मनात जागाच दिली नाही तेही तिथे दिसतं. आमचं काम या दुसऱ्या भागावर चालतं.

युंग यांना १९०९मध्ये पडलेलं एक स्वप्न इथे सांगायलाच हवं. ते एका दुमजली घरात होते. वरच्या मजल्यावर जुन्या थाटाचं सुंदर सामान. खाली उतरले तर सगळं आणखी जुनं, मध्ययुगातलं. एक जड दार उघडून ते तळघरात गेले, तिथल्या भिंती रोमन काळातल्या. तळघराच्या फरशीत कडी बसवलेला एक दगड होता. तो उचलला, तर अरुंद पायऱ्या खोल गुहेत उतरत होत्या. तिथे धूळ, फुटकी मडकी आणि माणसांच्या दोन कवट्या. त्या कवट्या कुणाच्या, याचाच स्वप्न ऐकणाऱ्या फ्रॉइड यांनी पाठपुरावा केला. युंग यांना मात्र त्या घरात मनाचाच नकाशा दिसला: वर आपली रोजची जाणीव, खाली आपली स्वतःची नेणीव, म्हणजे आपल्यालाच न जाणवणारा मनाचा भाग, आणि त्याखाली सगळ्या माणसांना सामाईक असलेला तळ. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे चटकन कळतं. ओसरीवर पाहुणे बसतात, पण मागच्या अंधाऱ्या खोलीत काय काय ठेवलेलं आहे ते घरच्यांनाही धड माहीत नसतं.

त्या तळातल्या साच्यांना मराठीत आदिबंध म्हणतात. त्यांच्यासाठी आर्किटाइप हा शब्द युंग यांनी १९१९पासून वापरला. आई, म्हातारा ज्ञानी, लहान मूल, खोडकर लबाड अशा आकृती देशोदेशीच्या कथांत सापडतात, त्या या साच्यांमुळे, असं त्यांचं मत. इथे एक घोटाळा नेहमी होतो. तयार चित्रं आपण जन्मतः घेऊन येतो, असं युंग म्हणत नव्हते. त्यांनी स्फटिकाचा दाखला दिला होता. आपण खडीसाखर डोळ्यांपुढे आणू. पाकात खडा कुठेच दिसत नाही, तरी तो धरू लागला की त्याला ठरावीक पैलू पडतात. पैलूंची रीत आधीची, साखर मात्र तुमच्या घरची. म्हणून एकाच्या स्वप्नात ज्ञानी म्हातारा शाळेतल्या गुरुजींच्या रूपात येतो, दुसऱ्याच्या स्वप्नात आजीच्या. तुकाराम महाराजांना बाबाजी चैतन्यांनी 'रामकृष्णहरी' हा मंत्र स्वप्नातच दिला, हे त्यांच्या अभंगातून आपल्याला ठाऊक आहे. अशा अनुभवाला आम्ही मनाचा खेळ म्हणून उडवून लावत नाही.

सावली

सगळ्यात आधी भेटते ती सावली. राग, हट्ट, हेवा, पण कधीकधी नाचायची हौस किंवा हक्काने मागायची धमकसुद्धा. 'चांगला माणूस' होताना आपण जे जे मागे टाकलं, ते सगळं तिच्यात असतं. नागपूरकराला हे समजवायला मारबत पुरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, त्या त्या वर्षी जे डाचलं असेल त्याचे बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे, निघतात आणि रस्ताभर "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा पुकारा होतो. नंतर पुतळे जाळतात. अख्ख्या शहराने नकोसं वाटणारं उघड्यावर आणायचं, त्याला हातपाय द्यायचे, मोठमोठ्याने त्याचं नाव घ्यायचं, ही आम्हाला फार शहाणी रीत वाटते. अडचण एकट्या माणसाची होते. स्वतःतलं नकोसं तो बघतही नाही, शेजाऱ्याच्या, जावेच्या नाहीतर साहेबाच्या अंगावर ते चढवतो आणि तिथे त्याचा राग राग करतो.

एका काकांची गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि ओळख लपवून. आयुष्यभर नोकरीत आवाज न चढवलेला माणूस. मे महिन्यात, कूलरमधलं पाणी संपून खोली तापली की पहाटे तेच स्वप्न: फाटकापाशी एक दांडगा माणूस कडी बडवतोय आणि हे आतून ती घट्ट धरून उभे आहेत. "कसा आहे तो?" असं विचारल्यावर म्हणाले, "उद्धट. कोणाचं ऐकत नाही." मग आम्ही त्यांना तेच चित्र सावकाश पुन्हा बघायला सांगितलं, अगदी खालपर्यंत. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "त्याच्या पायात माझ्या चपला आहेत. उजवीचा अंगठा तुटला होता, मोच्याने खिळा मारून दिला होता, त्याच." तो तपशील आम्ही सुचवला नव्हता, सुचवताही आला नसता. पुढच्या भेटींत बोलणं निघालं ते घरात आणि नोकरीत त्यांनी कधीच न म्हटलेल्या 'नाही'चं. पावसाळ्याच्या सुमारास त्यांनी रविवारची फुकटची कामं घेणं थांबवलं. त्यानंतरच्या एका स्वप्नात तो माणूस ओट्यावर बसून पाणी मागत होता, आणि यांनी लोटा भरून दिला.

आता मुखवट्याबद्दल, म्हणजे चारचौघांत आपण दाखवतो त्या चेहऱ्याबद्दल, थोडक्यात. लोकांत वावरायला तो लागतोच. झाडीपट्टीच्या नाटकातला नट रंग उतरवून घरी जातो, आपल्यातल्या काहींना मात्र डॉक्टरसाहेब किंवा मोठी सून म्हणूनच झोपावं लागतं. अशांना भर लग्नात अंगावर कपडेच नसल्याची स्वप्नं पडली तर घाबरू नये.

घरी काय करायचं

उशाशी वही आणि पेन ठेवा. डोळ्यांची जलद हालचाल होते त्या झोपेचा शोध १९५३मध्ये शिकागोत लागला. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. झोपेचं चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि हा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. म्हणून जाग येताच मोबाइलला हात लावू नका, कुस बदलू नका, आधी आठवा. अर्थ लावत बसू नका. रंग, जागा, कोण होतं आणि तुम्हाला काय वाटलं, एवढंच लिहा. मग प्रत्येक माणसाबद्दल स्वतःला विचारा: हा मला कसा वाटतो, आणि माझ्यात हे कुठे आहे? एका स्वप्नावर भिस्त ठेवू नका. दहाबारा झाली की धागा दिसू लागतो.

आता जे सांगणं आम्ही कर्तव्य समजतो ते. आदिबंध प्रयोगशाळेत मोजून सिद्ध झालेले नाहीत. अनेक मानसशास्त्रज्ञ ही कल्पना मानत नाहीत. मनाशी बोलायला एक चांगली भाषा म्हणून आम्ही ती वापरतो, औषधाच्या जागी नाही. अपघातानंतर किंवा मारहाणीनंतर तेच भयानक स्वप्न परत परत पडत असेल, जागेपणी आवाज ऐकू येत असतील किंवा जगणं नको वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. झोपेतच हातपाय झाडून स्वतःला किंवा शेजारच्याला लागत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी आम्ही स्वतः तुम्हाला तिकडे पाठवू.

पहिली भेट ५० मिनिटांची असते. तुम्ही सांगितलेलं खोलीबाहेर जात नाही, तुमच्याच घरच्यांनी विचारलं तरी नाही. येताना वही आणा. तीत "जिना होता, कोणीतरी हाक मारली" एवढी एकच ओळ असली तरी आपण त्या जिन्यापासून सुरू करू.