कॉम्बॅट डॅमेज व ट्रिगर

ट्रेडिंग कार्ड खेळांत लढाईतले डॅमेज आणि एखादी घटना घडताच आपोआप लागू होणारी क्षमता, म्हणजे ट्रिगर, कोणत्या क्रमाने निकाली काढायचे याचे नियम. या नियमांची सर्वांत तपशीलवार बांधणी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ (1993) या खेळात आढळते, पुढील विवेचन मुख्यतः त्याला धरून आहे.

हल्लेखोर क्रीचर (लढणाऱ्या जीवांचे पत्ते) व त्यांना अडवणारे ब्लॉकर जाहीर झाले की डॅमेज सर्वांना एकाच वेळी लागते. फर्स्ट स्ट्राइक (इतरांआधी डॅमेज करणे) किंवा डबल स्ट्राइक (इतरांआधी व इतरांसोबत, असे दोनदा डॅमेज करणे) असेल तरच त्याचे दोन टप्पे पडतात. डॅमेज लागल्यावर खेळाडूंना काही करण्याची संधी मिळण्याआधीच खेळ स्वतः तपासणी करतो: ज्याचे लाइफ (खेळाडूचे जीवनगुण) शून्य झाले तो हरतो, पुरेसे डॅमेज झालेले क्रीचर मरते. ट्रिगर स्टॅकवर (निकाली निघण्याची वाट पाहणाऱ्या पत्त्यांच्या व क्षमतांच्या चळतीवर) चढतात ते यानंतर. ज्याची पाळी सुरू आहे त्याचे ट्रिगर आधी चढतात, आणि शेवटी आलेला आधी सुटत असल्याने त्याचेच सर्वांत शेवटी सुटतात.

समजा, ‘अ’कडे 1 लाइफ उरले आहे, ‘ब’कडे 3. ‘अ’च्या दोन 3/3 (3 डॅमेज करणाऱ्या व 3 डॅमेज झाल्यास मरणाऱ्या) हल्लेखोरांपैकी एकाला ‘ब’ने 2/2 क्रीचरने अडवले, आणि त्या क्रीचरवर ‘मरताना प्रतिस्पर्ध्याला 1 डॅमेज’ असे लिहिले आहे. न अडवलेल्या हल्लेखोराचे 3 डॅमेज लागून ‘ब’चे लाइफ शून्य होते आणि त्याच तपासणीत ब्लॉकरही मरतो. ट्रिगर लागला खरा, पण स्टॅकवर जायला डावच उरला नाही. ‘ब’ हरतो. नवखे खेळाडू येथे हमखास बरोबरी धरतात.

स्टॅक 1999 च्या सहाव्या आवृत्तीत आला. मूळ रचनाकार रिचर्ड गार्फील्ड गणितज्ञ असल्याने ही संगणकशास्त्रातली वाटणारी मांडणी आरंभापासूनची असावी असे वाटू शकते. परंतु पहिल्या नियमांत ‘इंटरप्ट’ हा इतरांआधी सुटणारा वेगळा पत्तेप्रकार होता आणि तो 1999 मध्येच गेला, हे पाहता तिला नंतरची सुधारणा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. 1999 ते 2009 या काळात डॅमेजही स्टॅकवर चढत असे. ‘मॉग फनॅटिक’ हे 1/1 क्रीचर बळी देऊन कुठेही 1 डॅमेज करता येते. त्याला 2/2 क्रीचरने अडवले, तर आपले डॅमेज स्टॅकवर ठेवून मगच त्याचा बळी द्यायचा. दोन्ही मिळून 2 डॅमेज होऊन समोरचे क्रीचर मरे. जुलै 2009 च्या बदलाने डॅमेज स्टॅकवरून उतरले आणि ही युक्ती संपली. आता लढाईचे 1 किंवा बळीचे 1, यांतले एकच मिळते. त्याच वेळी लाइफलिंक (क्रीचरने केलेल्या डॅमेजइतके लाइफ मिळवून देणारी क्षमता) हाही ट्रिगर राहिला नाही. डॅमेजसोबतच लाइफ मिळू लागल्याने 2 लाइफवर 2 डॅमेज खाणारा खेळाडू, त्याच्या लाइफलिंकवाल्या क्रीचरने त्याच क्षणी 3 डॅमेज केल्यास, वाचतो. पूर्वी तो आधीच हरला असता. अनेक ब्लॉकरांमध्ये डॅमेज वाटण्यासाठी 2009 मध्येच आणलेला ठरावीक क्रम 2024 अखेर काढून टाकला गेला.

‘यु-गि-ओ!’मध्ये स्टॅकऐवजी चेन (तशीच शेवटून सुटत जाणारी साखळी) असते आणि लढाईतल्या डॅमेजचे पाच उपटप्पे असतात. नष्ट झालेला मॉन्स्टर ग्रेव्हयार्डमध्ये (बाद पत्त्यांच्या ढिगात) जातो तो शेवटच्या उपटप्प्यात. तेथे ‘व्हेन’ने सुरू होणारा ऐच्छिक ट्रिगर, त्याची घटना सर्वांत शेवटी घडलेली नसेल तर, कायमचा हुकतो, ‘इफ’ लिहिले असेल तर हुकत नाही. ‘पोकेमॉन’मध्ये ब्लॉकर नाहीत आणि हल्ल्याला मध्येच उत्तरही देता येत नाही.