टेरेन (युद्धखेळातील घरगुती भूरचना)

सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून ठरलेल्या नियमांनी जे युद्धखेळ खेळतात, त्यांतल्या टेकड्या, कडे, झाडी, वाडे, भिंती यांना खेळाडू एका शब्दात ‘टेरेन’ म्हणतात. ही नुसती आरास नव्हे. कोणती तुकडी कोणाला दिसते, आडोसा कोणाला मिळतो, चाल कुठे मंदावते, हे सगळे टेरेनवर ठरते. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात राइसविट्झ या सरकारी अधिकाऱ्यांनी १८१२ मध्ये राजाला दिलेल्या युद्धखेळाच्या टेबलावर भूप्रदेशाचे हलवता येणारे तुकडे होते. घरातल्या खेळण्यांशी या खेळाचे नाते इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकाने घट्ट केले.

पुण्यात या कामावर हात बसतो तो दिवाळीच्या किल्ल्यावर. दगड-विटांवर ओले पोते, त्यावर माती, उतारावर पेरलेले अळीव आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. मात्र तो किल्ला बघण्यासाठी असतो. टेरेनवर दर चालीला हात पोचावा लागतो आणि सैनिक उभा राहावा लागतो. गुळगुळीत उतारावर तो घसरतो, म्हणून टेकडी पायऱ्या-पायऱ्यांची करतात.

सह्याद्रीला ही पद्धत फारच मानवते. बेसॉल्टचे थर मुळातच आडवे, त्यामुळे थर्माकोलचे तक्ते एकावर एक चिकटवून कडा कटरने ओबडधोबड तोडल्या की डोंगर ओळखीचा वाटू लागतो. उंचीचे प्रमाण मात्र सोडावेच लागते. सिंहगड पायथ्यापासून सुमारे ७६० मीटर उंच. १:७२ प्रमाणात, म्हणजे जिथे माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, तिथे गड साडेदहा मीटरचा होईल. एवढे छत कोणाच्याच घरात नाही! वीसेक सेंटिमीटरच्या कड्यावर भागवतात.

राज्यात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातले थर्माकोल कोणी टाकून देत नाही. त्यावर स्प्रे रंग थेट मारू नये, त्यातल्या द्रावकाने ते विरघळते. आधी फेव्हिकॉलमध्ये काळा रंग कालवून जाड हात द्यावा आणि तो ओला असतानाच चाळलेली वाळू भुरभुरावी. वाळल्यावर करडा रंग, मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने फिकट करडा नुसता वरवर फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्याच राहतात. कातळ दिसू लागतो तो याच क्षणी.

बाकीचे सामान घरातच सापडते. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झुडपे, काथ्याचे गवत, आइस्क्रीमच्या काड्यांचे दरवाजे, धुऊन कडकडीत वाळवलेल्या चहाच्या चोथ्याचा पाचोळा. चोथा किंचित जरी ओला राहिला तरी पावसाळ्यात बुरशी धरतो. पुठ्ठ्याला एकाच बाजूने फेव्हिकॉल लावला तर तो वाकतो, मागूनही हात द्यावा. विकतचे तयार गवत बहुधा युरोपातल्या कुरणासारखे हिरवेगार असते. आपल्याकडचा डोंगर मार्गशीर्षापासून पिवळा पडतो, त्यामुळे भुसा पिवळ्या मातीच्या रंगात बुडवून वापरलेला बरा.