‘कार’ मागितली, ‘तार’ मिळाली: टॅबलेट आणि स्पीच थेरपी

बोलायला उशीर होत असलेल्या लेकराच्या हातात टॅबलेट दिला की ते ऐकून ऐकून बोलू लागेल, हा समज लातूर-परभणीपासून आडवळणाच्या तांड्यापर्यंत पोचला आहे. त्यातून काय होतं? तीन वर्षांचं लेकरू ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत घडाघडा म्हणतं, रंगांची इंग्रजी नावं सांगतं, पण तहान लागली की आईचा हात धरून तिला माठापाशी ओढत नेतं. शब्द तोंडात असतात, पण ते कुणाला तरी काही सांगण्यासाठी असतात हेच त्याला उमगलेलं नसतं.

भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. एका गटाशी माणूस समोर बसून खेळत बोलला: 12 बैठका, प्रत्येकी साधारण 25 मिनिटं. दुसऱ्या गटाला तेच पडद्यावर दाखवलं. पहिल्या गटाला चिनी ध्वनींमधला फरक कळू लागला, पडद्यावाल्यांना नाही. पुढे 2014 च्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून मात्र शिकली नाहीत. दोन्हीकडे पडदाच होता. फरक इतकाच, की कॉलवरचा माणूस लेकराच्या हालचालीला त्याच क्षणी उत्तर देत होता.

बहुतेक ॲप बोटाला बक्षीस देतात. टिचकी मारली की फुगा फुटतो, टाळ्या वाजतात, आणि तोंड बंदच राहतं. म्हणून थेरपीत टॅबलेट दोघांच्या मध्ये ठेवायचा आणि पुष्कळदा तो मोठ्या माणसाच्याच ताब्यात असायला हवा.

चार वर्षांचं लेकरू ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं असं समजा. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो, ‘त’साठी टोक दातांना. याचं टोकच दरवेळी पुढे धावतं. त्यामुळे ‘कार’ही ‘तार’ आणि ‘तार’ही ‘तार’. पडद्यावर दोनच चित्रं ठेवा: कार आणि कुंपणाची तार. दोन्हींची नावं त्याला आधी माहीत हवीत. सुरुवात ऐकण्यापासून. तुम्ही नाव घ्या, त्याने चित्राला बोट लावायचं. क्रम उलटसुलट ठेवून 20 वेळा करा. 16 तरी बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण कानाला फरक कळला नसेल तर जिभेकडून तो मागण्यात अर्थ नाही.

मग भूमिका बदला. आता हुकूम लेकराचा, बोट तुमचं. त्याला कार पळवायची असते, तोंडातून ‘तार’ निघतं. तुम्ही शांतपणे तार दाबा. ‘चुकलं’ म्हणू नका, ‘नीट बोल’ तर नकोच. ‘तार पाहिजे? ही घे,’ एवढं म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. सगळा उपचार या शांततेत आहे. मागितलं एक आणि मिळालं दुसरं, म्हणजे आपल्याच आवाजाने अर्थ बदलला, हा धक्का लेकराला आतून बसतो आणि ते उच्चाराची जुळणी नव्याने करू पाहतं. आपण घाईने ‘क, क, कार’ म्हणून दिलं की ती संधी गेली. प्रयत्न करूनही ‘क’ निघत नसेल तर जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून धरायला शिकवा. पुढची जोडी ‘गार’ आणि ‘दार’. गारपिटीतली गार इथल्या लेकराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हे एका बैठकीत पन्नास-साठ वेळा व्हावं लागतं. कागदी पत्ते पिसून पिसून माणूस कंटाळतो, टॅबलेट नाही. त्याचा खरा उपयोग इथे आहे.

‘कार’ आणि ‘गार’ अशी जोडी घेतली तर मात्र टॅबलेटच्या आवाजावर विसंबू नका. ‘ग’मध्ये जीभ सुटण्याआधीच स्वरयंत्राची कंपनं सुरू होतात, आणि ती 100 ते 300 हर्ट्झच्या खालच्या पट्टीत असतात. टॅबलेटचा छोटा स्पीकर नेमक्या या पट्टीत दुबळा असतो, त्यामुळे ‘ग’ ‘क’कडे झुकतो. वर एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर असते, तिच्यात ‘स’ आणि ‘श’ बुडतात. बैठकीची 15 मिनिटं कूलर बंद ठेवा आणि शब्द स्वतःच्या तोंडानेच, लेकराला ओठ दिसतील असे समोर बसून म्हणा. ॲपने दिलेल्या गुणांवरही भरवसा नको. लहान मुलांची स्वरनलिका आखूड असते, तिच्यातून घुमणाऱ्या आवाजाची वारंवारता जास्त असते, आणि मोठ्यांच्या आवाजावर तयार झालेली प्रणाली तिथे गडबडते.

चित्रं घरचीच हवीत: कळशी, शेळी, बाज, भाकरी. साध्या भिंतीपुढे फोटो काढा, आवाज आईचा भरा. घरात ‘दादा भाकर खायलाय’ म्हणत असतील तर तेच रेकॉर्ड करा. ‘खात आहे’ शाळेत येईलच. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या कुटुंबांसाठी इंटरनेटशिवाय चालणारं ॲप निवडा आणि निघण्याआधी सगळं उतरवून घ्या. लेकरू मधेच यूट्यूबवर उडी मारत असेल तर अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करण्याची सोय आहे.

‘तीन महिन्यांत बोलेल’ अशी हमी देणारी जाहिरात आणि लेकरू बोलावं म्हणून खाऊ घातलेला पोपटाचा उष्टा पेरू यांत फार फरक नाही. दोन्हींत महिने वाया जातात, आणि या वयातले महिने मोलाचे असतात. जिभेला मधातून वेखंड चाटवणं तर धोक्याचं: वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जंतूंची विषबाधा, होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि ‘आई ये’सारखी दोन शब्दांची जोडणी नसेल, तर कुठलंही ॲप उतरवण्याआधी ऐकण्याची तपासणी करा. जिल्हा पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. जाताना लेकराच्या घरच्या बोलण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या. अनोळखी खोलीत ते गप्प बसतं, आणि कोणती जोडी आधी घ्यायची हे थेरपिस्टला त्या व्हिडिओवरून ठरवता येतं.