एल्गॉनच्या अरण्याखालची जमीन

केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवरचा माउंट एल्गॉन हा फार पूर्वी विझलेला ज्वालामुखी आहे. त्याचा पायथा सुमारे ८० किलोमीटर रुंद आहे, वागागाई हे सर्वोच्च शिखर ४३२१ मीटर उंच आहे, आणि माथा खचून तयार झालेला कॅल्डेरा जवळजवळ ८ किलोमीटर व्यासाचा आहे. या कॅल्डेरात उगम पावणारी सुआम नदी पूर्वेकडच्या घळीतून बाहेर पडते आणि पुढे टर्कवेल या नावाने तुर्काना सरोवराला मिळते. तेथून पाण्याला समुद्राकडे वाट नाही. कडेच्या बाहेरच्या अंगाला पडलेला बराचसा पाऊस मात्र व्हिक्टोरिया किंवा क्योगा सरोवरामार्गे नाईलमध्ये जातो. त्यामुळे येथे शिखराच्या उंचीपेक्षा जलविभाजक रेषा अचूक आखणे अधिक महत्त्वाचे ठरते.

अडचण अशी, की उतारांवरची जमीन पोडो वृक्षांच्या आणि बांबूच्या दाटीखाली झाकलेली आहे, आणि वर बहुधा ढग असतात. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. त्या लहरी ढगांतून आरपार गेल्या. पण त्यांची लांबी जेमतेम ५.६ सेंटीमीटर असल्याने बऱ्याच पाना-फांद्यांवरूनच परतल्या. त्यामुळे हाती आलेली उंची धड जमिनीची नाही आणि धड शेंड्यांचीही नाही. अरुंद घळीतली झाडे प्रकाशासाठी उंच वाढतात, त्यांचे शेंडे काठावरच्या झाडांना भिडतात, आणि ३० मीटरच्या चौकटींत मांडलेल्या नकाशातून ती घळ ओढ्यासकट पुसली जाते. उलट, जंगल तोडून शेत काढलेली सपाट जागा खोलगट भासते. संगणक प्रत्येक चौकटीतले पाणी शेजारच्या सर्वांत सखल चौकटीत सोडत असल्यामुळे तो नसलेला ओढा त्या शेतात बेधडक नेऊन सोडतो.

विमानातून सोडलेल्या लेसरचे काही किरण पानांच्या फटींतून भुईपर्यंत पोहोचतात. लायडारची, म्हणजे लेसरने उंची मोजण्याच्या या पद्धतीची, सारी मदार त्यांच्यावर असते, मात्र ढग आडवे आले की हे कामही खोळंबते. एप्रिल २०२५ मध्ये सोडलेल्या युरोपच्या ‘बायोमास’ उपग्रहाच्या रडारलहरी सुमारे ७० सेंटीमीटर लांबीच्या असल्याने त्या पानांना फारशी दाद न देता खोल उतरतात, आणि अरण्याखालच्या जमिनीचा नकाशा हे त्या मोहिमेच्या उद्दिष्टांपैकी एक आहे.

तरीही झऱ्यांचा प्रश्न उरतोच. ज्वालामुखीच्या राखेच्या सच्छिद्र थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट खडकाला अडते आणि तो थर उतारावर उघडा पडतो तेथे बाहेर येते. निव्वळ उंचीच्या आकड्यांत ही जागा उमटत नाही. ती ओढ्याच्या काठाने वर चढत जाऊन, झऱ्यापाशी उभे राहूनच नोंदवावी लागते.