टप उघडला, बेस उडाला

"मामा, वूफर गेला वाटतं."

भाच्याचा फोन रविवारी सकाळी आला, सोमेश्वरच्या पुढून. त्याची थार सॉफ्ट टॉपवाली, म्हणजे कापडी टपाची आहे. ही गाडी बनते आमच्या नाशिकच्याच प्रकल्पात, त्यामुळे घरात तिचं कौतुक जरा जास्तच. आदल्या दिवशी त्याने मागच्या सीटच्या पाठीमागे दहा इंची वूफर, म्हणजे खालचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, बसवून घेतला होता, सोबत ३०० वॉटचा अॅम्प्लिफायर, म्हणजे अॅम्प. दुकानात टप लावलेला असताना आरसा थरथरेपर्यंत वाजला. सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागून टप खाली केला, तर गाण्यातला ढोल कुणीतरी उचलून नेल्यासारखा गायब. फिटरचा सल्ला तयारच होता : अजून एक वूफर टाकू, मोठा अॅम्प लावू.

वूफरला काही झालं नव्हतं. तो कालच्याइतकाच हलत होता. त्याची बंद खोली तेवढी गेली होती.

घरच्या घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. कानात घट्ट बसणारे इअरफोन लावा, बेस असलेलं गाणं सुरू करा आणि इअरफोन अगदी किंचित बाहेर ओढा. गायिका तिथेच राहते, बेस मात्र निघून जातो. मोटारीतही हेच घडतं, फक्त कानाच्या नळीच्या जागी केबिन असते.

आवाजाचा वेग साधारण ३४३ मीटर प्रतिसेकंद. त्याला कंपनसंख्येने (सेकंदाला किती कंपनं, ते हर्ट्झमध्ये) भागलं की लाटेची लांबी मिळते. १००० हर्ट्झची लाट वीतभर-दीड वीत, पण ४० हर्ट्झची साडेआठ मीटर! थारसारख्या गाडीची केबिन आतून फार तर अडीच मीटर. एवढ्याशा जागेत ती लाट मावतच नाही. मग लाट पसरायच्या ऐवजी केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल पडते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबला की बोटाला दाब जाणवतो, तसंच. वूफर म्हणजे दट्ट्या आणि टप म्हणजे ते बोट. बोट काढा, दट्ट्या कितीही हाणा, हवा आपली निघून जाते.

याचा हिशेबही मांडता येतो. केबिनच्या लांबीच्या दुप्पट लाट ज्या कंपनसंख्येला होते, तिथून खाली हा दाबाचा फायदा सुरू होतो. अडीच मीटरला ती सुमारे ७० हर्ट्झ. तिथून कंपनसंख्या निम्मी झाली, म्हणजे ३५ हर्ट्झला, की पूर्ण बंद केबिनमध्ये १२ डेसिबलची फुकट भर पडते. ही कागदावरची गोष्ट. खऱ्या गाडीला फटी असतात, कापडी टपातून तर बराच बेस बाहेर झिरपतो, त्यामुळे पदरात कमी पडतं. तरी जे पडतं तेही थोडंथोडकं नाही.

आता हे १२ डेसिबल वॉटने भरून काढू म्हटलं तर? दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते. चार वेळा दुप्पट म्हणजे सोळापट. ३०० वॉटचे ४८०० झाले. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ व्होल्ट असतात, म्हणजे अॅम्पने एक कणही वाया घालवला नाही तरी जवळपास ३५० अँपिअर! एवढा करंट द्यायला गाडीत दुसरा अल्टरनेटर बसवावा लागेल, आणि मग सीटवर माणसाऐवजी बॅटऱ्या. शिवाय वूफरच्या पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे करावं लागेल. जो ५ मिलिमीटर हलत होता त्याला २० हलवलं की तो फाटतो तरी किंवा कॉइल जळते तरी. दुकानदाराचं बिल मात्र चोख होतं.

त्यात भर म्हणजे खालच्या सुरांना आपला कान मुळातच मंद. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आजच्या प्रमाणित आलेखांनुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच ५० हर्ट्झचा वाटायला सुमारे ७८ डेसिबल लागतात. त्यात उघड्या गाडीत वाऱ्याचा आणि टायरचा गोंगाट असतो, तोही खालच्या पट्टीतच जास्त. ऐंशीच्या वेगात ३० हर्ट्झचा सूर शोधणं म्हणजे सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर कुजबूज ऐकणं.

इथे कुणी नाशिककर म्हणेल, मग आमचा ढोल कसा वाजतो? त्याला कुठे टप असतो?

प्रश्न बरोबर आहे. एका अंगाला टिपरू, दुसऱ्या अंगाला हाताची थाप, आणि वर मोकळं आभाळ. पण ढोल एकटा येत नाही. पथकात पन्नास ढोल धरले तर एका ढोलापेक्षा १७ डेसिबल जास्त होतात. १० डेसिबलला आवाज दुप्पट वाटतो, या ढोबळ नियमाने पन्नास ढोल कानाला जेमतेम सव्वातीन पट मोठे वाटतात. उघड्यावर बेस इतका महाग पडतो! बाकीचं काम टिपरूचा खणखणीत ठोका करतो, ताशा करतो आणि जुन्या नाशकातल्या चिंचोळ्या गल्ल्यांच्या भिंती करतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण जवळ उभे असतो. छातीत घुमतं ते हातभरावरच्या ढोलामुळे. तोच ढोल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला की नुसता ठकठकतो.

थारचं उत्तर इथेच सापडलं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात. मागचा वूफर भाच्याच्या पाठीपासून सव्वा मीटरभर लांब होता. तो ३० सेंटिमीटरवर आणला तर दोनदा निम्मं, म्हणजे तेच हरवलेले १२ डेसिबल, एक वॉटही न वाढवता. अगदी जवळ गेल्यावर हा नियम थोडा ढिला पडतो, पण दिशा तीच. म्हणून पुढच्या दोन सीटखाली एकेक चपटा आठ इंची वूफर बसवला. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीटसं उमगत नाही, कारण लाट चार मीटरहून लांब आणि दोन कानांतलं अंतर वीतभर. त्यामुळे सीटखालून आलेला बेसही समोरच्या गाण्यातच मिसळतो. सीट थोडी हलते, आणि अंगाला लागलेला ठोका मेंदू बेसच्याच खात्यात जमा करतो.

वूफरची खोकी बंद घेतली. पडदा पुढे जाताना पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या की बेसची वजाबाकी. बिनखोक्याचा वूफर उघड्या गाडीत लावणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांना अॅम्पचीच शंका येते.

पडदे कागदी न घेता पॉलिप्रॉपिलीनचे, कड फोमची न घेता रबरी. त्र्यंबकच्या पावसात टप लावेपर्यंत आत पाणी येतंच. बॅटरीजवळ, हातभराच्या आत फ्यूज. यात मात्र कंजुषी नको, कारण पत्र्याला घासून सोललेली वायर गाडी पेटवू शकते.

शेवटी अॅम्पवरचा ४० हर्ट्झखालचं गाळणारा फिल्टर चालू केला. भाचा कुरकुरला. म्हटलं, खालच्या तीसचा नाद सोड, ६० ते १०० नीट वाजू दे. ढोलाची थाप बरीचशी तिथेच असते. पुढच्या रविवारी धरणावरून फोन आला, तो नुसता गाणं ऐकवायला.

मग जून आला. पहिल्या सरीला त्याने टप चढवला आणि संध्याकाळी पुन्हा फोन : "मामा, आता वूफर फार वाजतोय, डोकं दुखलं."

बेसचा नॉब डावीकडे फिरवायला सांगितलं. दसऱ्यापर्यंत तसाच राहू दे म्हटलं.