कृष्णधवल रूपांतरण (डिजिटल छायाचित्रण)

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या रंगीत छायाचित्रातील प्रत्येक रंगाला करड्याची छटा नेमून देणे, म्हणजे कृष्णधवल रूपांतरण. सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) शून्यावर आणले की काम झाले, असे अनेकांना वाटते. खरे कसब कोणता रंग किती उजळ ठेवायचा, हे ठरवण्यात आहे.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर) बायर फिल्टर, म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी, असते. कोडॅकमधील ब्राइस बायर यांना त्याचे पेटंट १९७६ साली मिळाले. त्यातले निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. त्यांवरून प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा किती उजळ, हे सांगणारे तीन आकडे मिळतात. करडा काढण्याच्या एका रूढ सूत्रात लालाचा वाटा ०.२९९, हिरव्याचा ०.५८७ आणि निळ्याचा ०.११४ असतो, कारण डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो.

पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानात हे सूत्र दगा देऊ शकते. समजा, कुंकवाच्या राशीचे लाल, हिरवा, निळा हे आकडे २००, ३०, ४० आहेत आणि शेजारच्या हिरव्या चुड्याचे ४०, ११०, ५०. गणित केले तर दोघांचाही करडा ८२! रास आणि चुडा एकमेकांत विरून जातात. चॅनेल मिक्सरमध्ये, म्हणजे तिन्ही रंगांचा वाटा आपण ठरवू शकतो त्या साधनात, फक्त लाल चॅनेल (लालाचे आकडे) ठेवला तर कुंकू भुरकट पांढरे होते आणि चुडा काळवंडतो. फक्त हिरवा ठेवला तर कुंकू गडद राहते, चुडा उजळतो. कुंकू पांढरे दिसणे मनाला पटत नाही, म्हणून इथे हिरवाच घ्यावा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्या काळची प्रचलित फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळीच होती. तिच्यावर लाल काळाच उमटे.

देवळावरच्या भगव्या पताकेला मात्र लाल चॅनेल हवा. निळे आकाश गडद होते आणि पताका उठून दिसते. पण आकाश फार दाबले की जेपेग फाइलमध्ये दाणे आणि चौकटी दिसू लागतात. जेपेगमध्ये दर चॅनेलला उजळपणाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरची मूळ नोंद) १६,३८४; म्हणून असे काम रॉ फाइलवरच करावे.

काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणात मुळात रंगच थोडा. तिथे मिक्सर कितीही फिरवला तरी फारसे काही बदलत नाही. कोरीवकाम उठून दिसायला तिरपे ऊनच लागते.